देवपुरात भाड्यासाठी जुना फ्लॅट घेताय? आधी हे कागद मागा

पांझरेपलीकडच्या देवपुरात जयहिंद, एसएसव्हीपीएससारखी कॉलेजे असल्याने विद्यार्थी भाडेकरू मिळतात. जुना फ्लॅट नव्यापेक्षा स्वस्तही पडतो. पण हिशेब नीट मांडा.

समजा, फ्लॅट २० लाखांचा आणि भाडे महिना ७ हजार. वर्षाचे झाले ८४ हजार, म्हणजे ४.२ टक्के. सुट्टीत विद्यार्थी गावी जातात. दोन महिने घर रिकामे राहिले तर ७० हजारच येतात. घरपट्टी, मेंटेनन्स, किरकोळ दुरुस्तीचे १८ हजार वजा केले की हातात ५२ हजार, म्हणजे २.६ टक्के. बँकेची एफडी परवडली, तिची गच्ची तरी गळत नाही!

खरी जोखीम इमारतीत असते. महापालिका कायद्यानुसार ३० वर्षांपुढील इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. तो अहवाल मागा. कॉलमच्या भेगा, उघडी पडलेली सळई स्वतः पाहा. मोठी दुरुस्ती निघाली तर खर्च सगळ्या फ्लॅटधारकांवर येतो.

जमीन सोसायटीच्या नावावर आहे का, हेही विचारा. नसेल तर पुनर्विकास अडतो. बिल्डर टाळत असल्यास सोसायटीला जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी अर्ज करता येतो.

आणि भाडेकरार नोंदवायची जबाबदारी १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने घरमालकावर टाकली आहे, एजंटवर नाही.