पोटात तूप थिजतं का?

पुरणपोळीचं जेवण झालं की घरातलं वडीलधारं कुणीतरी गरम पाण्याचं भांडं पुढे करतंच, "पी, नाहीतर तूप थिजेल पोटात." माया खरी, पण भीती खोटी. पोटात 37 अंशांची ऊब कायम असते; तूप तिथे पातळच राहतं.

अडचण वेगळीच आहे. मिसळीवरची तर्री पाहा. रस्सा कितीही उकळता असो, तेल वर तरंगतंच. पाचकरस पाण्यासारखे, त्यामुळे तेलाच्या थेंबाला ते फक्त बाहेरून भिडतात. लहान आतड्यात पित्तरस या थेंबांचे बारीक कण करतो आणि त्यांना पुन्हा एकत्र येऊ देत नाही. मग स्वादुपिंडातून आलेलं लायपेज हे विकर त्यांवर तुटून पडतं. तुपकट भांड्याला साबण लागतो, नुसतं गरम पाणी पुरत नाही, तसंच हे.

'पित्त' या शब्दाने मात्र फार घोटाळा केलाय. छातीत जळजळलं की आपण "पित्त झालं" म्हणतो, पण ते बहुधा जठरातलं आम्ल असतं. पित्तरस अल्कधर्मी असतो आणि तो तयार होतो यकृतात. पित्ताशय ही त्याची नुसती साठवण. म्हणून पित्ताशय काढलेल्या माणसाला "आता जन्मभर तूप बंद" असं सांगून घाबरवू नये. पित्तरस थेट आतड्यात झिरपत राहतो. सुरुवातीला काहींना जुलाब होतात. पुढे बहुतेकांना साधं जेवण पचतं.

तेल-तूप खाल्लं की सरळ यकृतात जाऊन साचतं, हाही समज चुकीचा. आहारातली बहुतेक चरबी आधी लसीकावाहिन्यांत शिरते आणि मानेच्या डाव्या बाजूला, तळाशी, रक्तात उतरते. या वाहिन्या 1622 मध्ये इटलीच्या गास्पारे आसेलीला दिसल्या. नुकत्याच जेवलेल्या कुत्र्याच्या आतड्यांजवळ त्याला पांढरे धागे दिसले. टोचल्यावर त्यांतून दुधासारखा द्रव आला. उपाशी कुत्र्यात ते दिसेनात. तो पांढरेपणा चरबीच्या कणांचा होता. भरपूर तुपाच्या जेवणानंतर काही तास आपला रक्तद्रवही असाच गढूळ होतो, आणि ट्रायग्लिसराइडच्या तपासणीला अनेकदा उपाशीपोटी बोलावतात ते त्यामुळेच.