दोन संस्कृतींचा वाद

दोन संस्कृतींचा वाद हा विद्यापीठीय शिक्षणात साहित्य व मानव्यविद्या यांना अग्रस्थान असावे की विज्ञानाला, या प्रश्नावरून इंग्लंडमध्ये झालेला वैचारिक वाद होय. या नावाने तो ओळखला जातो ते सी. पी. स्नो यांनी १९५९ साली केंब्रिज विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानामुळे. १९६२ साली एफ. आर. लीविस यांनी त्याला कठोर उत्तर दिले. मात्र या वादाची बीजे टी. एच. हक्स्ली आणि मॅथ्यू अर्नोल्ड यांच्यात १८८० ते १८८२ या काळात झालेल्या मतभेदात आढळतात.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकात ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील शिक्षणाचा पाया ग्रीक व लॅटिन या अभिजात भाषा हा होता. केंब्रिजमध्ये त्यांच्या जोडीला गणितालाही मानाचे स्थान होते. निसर्गविज्ञानांची स्वतंत्र पदवी परीक्षा केंब्रिजने १८४८ साली मंजूर केली आणि ती प्रथम १८५१ साली घेण्यात आली. तरीही ग्रीक भाषेची सक्ती केंब्रिजमध्ये १९१९ पर्यंत आणि ऑक्सफर्डमध्ये १९२० पर्यंत टिकून राहिली.

दरम्यान औद्योगिक शहरांमधून नव्या शिक्षणाची मागणी होऊ लागली होती. कोणते ज्ञान सर्वाधिक मोलाचे, असा प्रश्न उपस्थित करून हर्बर्ट स्पेन्सर यांनी १८५९ साली विज्ञानाच्या बाजूने कौल दिला. उलट जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८६७ साली सेंट अँड्र्यूज विद्यापीठातील भाषणात विद्यापीठाने साहित्य व विज्ञान दोन्ही शिकवावे, असे प्रतिपादन केले.

हक्स्ली आणि अर्नोल्ड

पोलादी टाकांच्या निबांचे कारखानदार जोसाया मेसन यांनी बर्मिंगहॅम येथे एक विज्ञान महाविद्यालय स्थापन केले. पक्षीय राजकारण, धर्मशास्त्र आणि निव्वळ साहित्यिक शिक्षण यांना तेथे थारा नसावा, अशी त्यांची अट होती. हेच महाविद्यालय पुढे बर्मिंगहॅम विद्यापीठाचा गाभा ठरले. १८८० साली त्याच्या उद्घाटनप्रसंगी जीवशास्त्रज्ञ हक्स्ली यांनी ‘विज्ञान आणि संस्कृती’ हे भाषण केले. खरी सुसंस्कृतता प्राप्त होण्यासाठी केवळ वैज्ञानिक शिक्षण हे केवळ साहित्यिक शिक्षणाइतके तरी निश्चितच परिणामकारक असते, अशी त्यांची भूमिका होती. तथापि ते साहित्याचे विरोधक नव्हते. केवळ विज्ञान शिकलेल्याची बुद्धीही एकांगी होते, हे त्यांनी मान्य केले होते. त्यांचा आक्षेप ग्रीक-लॅटिनच्या मक्तेदारीला होता. इंग्रजी साहित्य व आधुनिक भाषा यांचे अध्ययन त्यांना इष्टच वाटत असे.

कवी, समीक्षक आणि व्यवसायाने शाळा-निरीक्षक असलेल्या अर्नोल्ड यांनी १८८२ साली केंब्रिजच्या रीड व्याख्यानात याचा परामर्श घेतला. साहित्य म्हणजे केवळ ललित लेखन नव्हे. युक्लिडचा भूमितिग्रंथ आणि न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ हेही त्यात मोडतात, असे त्यांचे म्हणणे होते. विज्ञानाचे निष्कर्ष प्रत्येकाने जाणून घ्यावेत, हे त्यांना मान्य होते. परंतु माणूस मिळालेल्या ज्ञानाची सांगड आपल्या आचरणाशी व सौंदर्यदृष्टीशी घालू पाहतो. ही गरज विज्ञान भागवू शकत नाही. ती काव्य व मानव्यविद्या भागवतात. म्हणून दोहोंपैकी एकाचीच निवड करावयाची झाल्यास बहुसंख्य विद्यार्थ्यांसाठी साहित्यच निवडावे, असा त्यांचा निष्कर्ष होता.

स्नो यांचे व्याख्यान

चार्ल्स पर्सी स्नो (१९०५–१९८०) हे विज्ञानाचे शिक्षण घेतलेले संशोधक, शासकीय अधिकारी आणि कादंबरीकार होते. ७ मे १९५९ रोजी त्यांनीही रीड व्याख्यानासाठीच ‘दोन संस्कृती आणि वैज्ञानिक क्रांती’ हा विषय घेतला. साहित्यिक बुद्धिमंत आणि वैज्ञानिक हे दोन वर्ग परस्परांशी संवादच करू शकत नाहीत, असे निरीक्षण त्यांनी मांडले. वैज्ञानिकांच्या अज्ञानाला हसणाऱ्या विद्वानांना आपण उष्मागतिकीचा दुसरा नियम विचारला, तेव्हा कोणालाही उत्तर देता आले नाही, हा त्यांनी सांगितलेला अनुभव प्रसिद्ध झाला. त्यांच्या मते हा प्रश्न शेक्सपिअरची एखादी कृती वाचली आहे काय, असे विचारण्याच्या तोडीचा होता.

या दरीचे मोठे कारण त्यांनी इंग्लंडमधील अकाली विशेषीकरणात पाहिले. शालेय शिक्षणाच्या अखेरच्या दोन वर्षांत विद्यार्थी मोजकेच विषय घेत आणि ते एकाच विद्याशाखेचे असत. मात्र व्याख्यानाचा रोख केवळ अभ्यासक्रमावर नव्हता. श्रीमंत व गरीब देशांतील अंतर औद्योगिकीकरणानेच कमी होईल आणि त्यासाठी वैज्ञानिक व अभियंते हवेत, हा त्यांचा मुख्य आग्रह होता.

लीविस यांचे उत्तर

केंब्रिजमधील इंग्रजीचे अध्यापक व समीक्षक फ्रँक रेमंड लीविस (१८९५–१९७८) यांनी २८ फेब्रुवारी १९६२ रोजी डाउनिंग महाविद्यालयात दिलेल्या व्याख्यानात स्नो यांच्यावर हल्ला चढविला. पुढील महिन्यात ते ‘स्पेक्टेटर’ या साप्ताहिकात प्रसिद्ध झाले. स्नो यांच्या कादंबऱ्यांवर आणि बौद्धिक योग्यतेवर त्यांनी इतक्या तिखट शब्दांत टीका केली की चर्चा बराच काळ त्यांच्या भाषेभोवतीच घुटमळत राहिली.

त्यामागील युक्तिवाद मात्र दुर्लक्षणीय नव्हता. भौतिक समृद्धी आवश्यक असली तरी ती कशासाठी, हा प्रश्न शिल्लक राहतोच, असे लीविस यांचे म्हणणे होते. विज्ञान शक्य होण्यापूर्वी माणसाने भाषा आणि तिच्यातून एक सामाईक मानवी जग निर्माण केलेले असते. ते जग जिवंत ठेवणे हे विद्यापीठाचे कार्य असून त्याच्या केंद्रस्थानी साहित्याचा अभ्यास असावा, अशी त्यांची धारणा होती. उष्मागतिकीचा नियम आणि शेक्सपिअर यांची तुलनाच त्यांना निरर्थक वाटत होती.

स्नो यांनी १९६३ साली आपल्या मांडणीत भर घातली. समाजाचा अभ्यास करणाऱ्या विद्याशाखांतून एक ‘तिसरी संस्कृती’ उदयाला येत असल्याचे त्यांनी सुचविले.

वादाचे स्वरूप

या वादात तीन भिन्न प्रश्न एकमेकांत मिसळलेले दिसतात.

१. माहितीचा प्रश्न : सुशिक्षित म्हणविणाऱ्याला किमान काय ठाऊक असावे?
२. हेतूचा प्रश्न : विद्यापीठाने राष्ट्राच्या उत्पादनाची गरज भागवावी की व्यक्तीची विवेकबुद्धी घडवावी?
३. वेळेचा प्रश्न : पदवीच्या मोजक्या वर्षांत एक विषय वाढविला की दुसरा कमी करावा लागतो. मग कशाला फाटा द्यावयाचा?

स्नो यांचा भर पहिल्या दोन प्रश्नांवर होता. लीविस यांनी दुसऱ्याच्या उत्तरालाच आव्हान दिले. तिसऱ्या प्रश्नाला मात्र दोघांपैकी कोणीही पूर्ण न्याय दिला नाही. प्रत्यक्ष अभ्यासक्रम आखणाऱ्यांना नेमकी तीच अडचण भेडसावते. अमेरिकन समीक्षक लायोनेल ट्रिलिंग यांनी १९६२ सालीच या दोघांच्याही भूमिकांतील दोष दाखविले होते.

विद्यापीठांतील प्रयोग

स्नो यांच्या व्याख्यानापूर्वीच उत्तर स्टॅफर्डशायर येथे १९४९ साली स्थापन झालेल्या महाविद्यालयाने (नंतरचे कील विद्यापीठ) सर्व विद्यार्थ्यांसाठी एका पायाभूत वर्षाची योजना केली होती. त्या वर्षात मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रे आणि निसर्गविज्ञाने या तिन्हींचा परिचय करून दिला जाई. १९६१ साली स्थापन झालेल्या ससेक्स विद्यापीठानेही विषयांच्या पारंपरिक भिंती ओलांडणारी रचना स्वीकारली.

भारतातील संदर्भ

सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने (१९४८–४९) पदवीच्या विद्यार्थ्यांना सामान्य शिक्षण द्यावे, अशी शिफारस केली होती. व्यवहारात मात्र विशेषीकरण लवकरच सुरू होते. महाराष्ट्रात दहावीनंतर कला, वाणिज्य वा विज्ञान यांपैकी एक शाखा निवडावी लागते आणि विज्ञान शाखेकडे जाणाऱ्या विद्यार्थ्याचा साहित्य व इतिहास यांच्याशी असलेला संबंध बहुधा तेथेच क्षीण होतो. कला शाखेच्या विद्यार्थ्याचा विज्ञानाशी संबंधही त्याच वेळी तुटतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये कला आणि विज्ञान यांत कठोर विभाजन नसावे, असे तत्त्व मांडून बहुविद्याशाखीय शिक्षणाचा पुरस्कार करण्यात आला आहे. त्यामुळे स्नो व लीविस यांनी उपस्थित केलेले प्रश्न येथील अभ्यासक्रमांच्या संदर्भातही प्रस्तुत ठरतात. केवळ विषयांची सरमिसळ केल्याने अर्नोल्ड यांना अभिप्रेत असलेली सांगड साधते काय, हा त्यांतील कळीचा प्रश्न आहे.