गिअरबॉक्सची कुरकुर

औरंगपुऱ्याच्या भाजीमंडईपासून गुलमंडीमार्गे पैठण गेटपर्यंत संध्याकाळच्या वेळी ज्याने मोटार नेली आहे, त्याला आजच्या विषयाची प्रस्तावना निराळी करून सांगायला नको. तेवढ्या वाटेत डावा पाय क्लचवर किती वेळा जातो याचा हिशेब आपण ठेवीत नाही. गाडी मात्र तो बिनचूक ठेवते, आणि एक दिवस गॅरेजच्या बिलाच्या रूपाने आपल्यापुढे मांडते.

मुळात गिअरबॉक्स हवाच कशाला? इंजिनाचा स्वभाव मोठा हट्टी आहे. मिनिटाला सात-आठशे फेऱ्यांच्या खाली ते नीट चालत नाही, आणि खरा जोर लावायचा तर त्याला हजारांच्या घरात फिरावे लागते. चाक मात्र जाग्यावर उभे असते! या दोघांची गाठ घालणारा मध्यस्थ म्हणजे गिअरबॉक्स. दौलताबाद ओलांडून खुलताबादेकडे गिअरची सायकल ज्यांनी चढवली असेल त्यांना हे पायांनीच कळलेले आहे. पायडल पुष्कळ फिरते, चाक थोडे फिरते, पण चढ चढवतो. मोटारीत साधारणपणे पहिल्या गिअरला चाकाची एक फेरी होईतो इंजिनाच्या बारा ते पंधरा फेऱ्या होतात. शेवटच्या गिअरला तीन-चार पुरतात.

आपण दांडा ओढतो तेव्हा दंतचक्रे एकमेकांत शिरतात, असा पुष्कळांचा समज आहे. आजच्या गाड्यांत पुढे जाण्याच्या गिअरांची चक्रे नेहमीच एकमेकांत गुंतलेली असतात. दांडा फक्त त्यांतले एक चक्र कड्याच्या साहाय्याने दांडीशी जखडतो. जखडण्यापूर्वी दोघांची गती सारखी करण्याचे काम एक लहानशी, बहुधा पितळेची, चकती करते. तिला सिंक्रो रिंग म्हणतात. १९२८ साली कॅडिलॅक गाडीत ही सोय प्रथम आली. आपल्याकडच्या जुन्या फियाट आणि अँबॅसडर गाड्यांत पहिल्या गिअरला ती नव्हती. चालत्या गाडीत पहिला टाकायचा तर क्लच दोनदा दाबून, मधे ॲक्सिलरेटरला हलका स्पर्श देऊन, कानाने गती जुळवावी लागे. त्या पिढीचे चालक गिअर 'टाकीत' नसत, त्याची मनधरणी करीत!

या पितळी चकतीशी माझा परिचय जरा महागात झाला. काही वर्षांपूर्वी एका दुकानात मी गिअर ऑइल बदलून घेतले. डब्यावर जीएल-५ होते. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत जीएल-४ लिहिलेले होते. दुकानदार म्हणाले, "साहेब, चारपेक्षा पाच भारी." मलाही ते पटले, कारण पुस्तिका मी उघडलीच नव्हती. वास्तविक पाच नंबरचे तेल मुख्यत: डिफरन्शियलच्या कठोर दाबासाठी असते, आणि त्यातली काही रसायने पितळेला हळूहळू खाऊ शकतात. पुढे दुसरा गिअर थंडीत अडू लागला, मग बाराही महिने खरखरू लागला. शेवटी बॉक्स उतरवावा लागला. काही तेले दोन्ही कामांना चालतात हे खरे. पण ते डब्यावर स्पष्ट लिहिलेले असावे लागते. दुकानदाराच्या अंकगणितावर विसंबू नये.

गिअरबॉक्सचे दुखणे कानाने बरेच ओळखता येते. इंजिन चालू, गाडी न्यूट्रलमध्ये, पाय क्लचवरून काढलेला, अशा वेळी घरघर येत असेल आणि क्लच दाबताच ती थांबत असेल, तर संशय आतल्या पुढच्या बेअरिंगवर घ्यावा. उलट दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग गेले समजा. एकच गिअर खरखरत असेल तर त्याची सिंक्रो झिजली. सगळेच अडत असतील, विशेषत: रिव्हर्स, आणि इंजिन बंद केल्यावर मात्र अलगद पडत असतील, तर गिअरबॉक्स निर्दोष आहे, क्लच पुरता सुटत नाही. कित्येकदा केबलची ओढ किंवा क्लचमधले ब्रेक ऑइल तपासून हे काम भागते, आणि अजाण मालक मात्र बॉक्स उघडायला होकार देऊन मोकळा होतो.

चढावर इंजिन ओरडते पण गाडी वेग घेत नाही, ही प्लेट घसरत असल्याची खूण. चढावर ब्रेकऐवजी अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरण्याची आपली सवय याला पुष्कळ कारण आहे.

आता एक गोष्ट जिवावरची. कन्नडचा घाट चाळीसगावकडे उतरताना पेट्रोल वाचावे म्हणून न्यूट्रल करणारी मंडळी अजून आहेत. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये उतरताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की इंधन बहुधा बंदच होते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन जिवंत ठेवायला ते खर्चावे लागते. म्हणजे बचत तर नाहीच, शिवाय इंजिनाचा आवर सुटून सारा भार ब्रेकवर पडतो. ब्रेक तापले की त्यांची पकड कमी होते. दुसरा किंवा तिसरा गिअर वळणाच्या आधीच टाकावा.

ऑटोमॅटिकवाल्यांसाठी थोडेसे. नेहमीच्या ऑटोमॅटिकमध्ये तेलाचा पंप इंजिनावर चालतो. बंद पडलेली गाडी, जमिनीवर फिरणारी चाके त्या बॉक्सला जोडलेली असताना, दोराने लांबवर ओढली तर आतले भाग तेलावाचून फिरतात. ती ट्रकवरच चढवावी. भारतात २०१४ पासून आलेल्या एएमटी गाड्यांचा बॉक्स आतून साधाच असतो. क्लच दाबणारा पाय तेवढा यंत्राचा, प्लेट आपलीच झिजते.

बॉक्स एकदा उतरला की मजुरीचा मोठा भाग खर्च झालेलाच असतो. म्हणून प्लेट झिजली असेल तर प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगही त्याच वेळी बदलावे, ऑइल सील पाहून घ्यावे, जुने भाग डोळ्यांनी बघावेत. गिअरबॉक्स तेल जाळीत नाही. कमी झाले असेल तर ते गळलेच आहे, आणि सकाळी गाडीखालच्या फरशीवरचा डाग त्याची साक्ष देतो. पुराच्या पाण्यातून गाडी गेली असेल तर तेल दुधाळ झाले आहे का तेही बघावे. तेल काढताना पुष्कळ गाड्यांत खालच्या बुचाला चुंबक असते. ते मिस्त्रीकडून मागून घेऊन त्यावर बोट फिरवावे. करडा, मऊ लेप लागला तर ती नेहमीची झीज. कण टोचला, तर नवे तेल ओतण्यापूर्वीच बॉक्स उघडायला सांगावे.