जवळची फेरी, मुलांची छाती

दम्याच्या मुलांचे पालक मला विचारतात, "डॉक्टर, घरात धूळ नाही, मग धाप का लागते?" मी विचारतो, "मुलाला शाळेत कसे सोडता?" गाड्यांच्या धुरातील २.५ मायक्रॉनहून लहान कण नाकात न अडकता फुप्फुसांत खोलवर उतरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली त्यांची वार्षिक मर्यादा घनमीटरला १० वरून ५ मायक्रोग्रॅमवर आणली. शिवाय मोटारीतील विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्यावरच नीट काम करतो. म्हणून थंड इंजिनाची छोटी फेरी किलोमीटरमागे अधिक घातक ठरते. शाळा जवळ असल्यास कमी रहदारीच्या रस्त्याने पायी किंवा सायकलने जावे. फाटकाशी थांबताना इंजिन बंद करावे. दम्याची औषधे मात्र परस्पर बंद करू नयेत.