लिहायला बसताना तंबाखू कशाला?

कागद समोर असतो, पेन हातात असते, पण पहिली ओळ काही सुटत नाही. कविता करणारे, स्मरणिकेसाठी लेख लिहिणारे शिक्षक, परीक्षेचा अभ्यास करणारे विद्यार्थी, सर्वांनाच हा अनुभव येतो. मग कोणी चहा मागवतो, कोणी टेबल आवरतो, तर कोणी तळहातावर तंबाखू मळायला घेतो. वर ‘त्याशिवाय डोके चालत नाही’ असे सांगतोही. यात तथ्य किती आणि गैरसमज किती, ते आज पाहू.

खूण कशी काम करते?

रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह यांनी कुत्र्याला खाणे देताना दरवेळी ठराविक आवाज ऐकवला. काही दिवसांनी खाणे नसतानाही, नुसत्या आवाजाने कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटू लागले. माणसाचेही काहीसे असेच आहे. रोज एकाच वेळी, एकाच जागी, एकच लहानशी गोष्ट करून कामाला बसले, की ती गोष्टच ‘आता काम सुरू’ अशी खूण बनते.

इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप पोस्ट खात्यात नोकरी करीत. पहाटे साडेपाचला ते टेबलाशी हजर असत. त्या वेळी उठवून कॉफी देण्यासाठी एका जुन्या नोकराला ते वर्षाला पाच पौंड जादा देत. पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचे लिखाण वाचायचे, मग घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला अडीचशे शब्द लिहायचे, असा त्यांचा नेम होता. त्यांनी ४७ कादंबऱ्या लिहिल्या.

खूण चुकीची असेल तर?

मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांची खूण होती सिगार. दिवसाला वीसच्या आसपास सिगार ते ओढीत. सोडण्याचा प्रयत्न केला, तेव्हा काम होत नाही म्हणून पुन्हा ओढू लागले. १९२३ साली त्यांना तोंडाचा कॅन्सर झाला. पुढील सोळा वर्षांत तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या आणि १९३९ मध्ये त्यांचे निधन झाले.

याउलट जपानी कादंबरीकार हारुकी मुराकामी एके काळी दिवसाला साठ सिगारेटी ओढीत. १९८२ साली त्यांनी रोज पळायला सुरुवात केली आणि सिगारेट सुटली. लेखन मात्र थांबले नाही, उलट त्यांच्या गाजलेल्या बहुतेक कादंबऱ्या त्यानंतरच्या आहेत. कादंबरी हाती असली, की पहाटे चारला उठून पाच-सहा तास लिहायचे, मग पळायचे किंवा पोहायचे आणि रात्री नऊला झोपायचे, असा दिनक्रम त्यांनी सांगितला आहे.

तंबाखूने डोके चालते, असे वाटते तरी का? निकोटीनची सवय लागलेल्या शरीराला ते वेळेवर मिळाले नाही, की अस्वस्थता येते आणि लक्ष लागत नाही. चिमूट तोंडात टाकली, की ती अस्वस्थता तेवढ्यापुरती शमते. म्हणजे काटा तंबाखूनेच टोचायचा आणि तिनेच काढायचा! सोडल्यावर पहिले काही दिवस जड जातात, पण बहुतेकांचा त्रास दोन ते चार आठवड्यांत ओसरतो.

हे करून पाहा

१. वेळ आणि जागा ठरवा. अर्धा तास मिळाला तरी चालेल, पण तो रोजचा असावा.

२. निरुपद्रवी खूण निवडा : हातपाय धुणे, अंगणात दहा फेऱ्या, तांब्याभर पाणी जवळ ठेवणे किंवा कालचे पान वाचणे.

३. चहा-कॉफी सकाळी ठीक. त्यातील कॅफिन निम्मे उतरायलाच साधारण पाच तास लागतात. रात्री चहा घेऊन लिहिणाऱ्यांची झोप उडते आणि दुसरा दिवस वाया जातो.

४. दर अर्ध्या-पाऊण तासाने उठा, मान-खांदे मोकळे करा, दूरवर नजर टाका.

५. धीर धरा. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या लंडनमधील एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागल्याचे दिसले. एखादा दिवस चुकला म्हणून बिघडत नाही.

तंबाखू सोडायची आहे पण जमत नाही, अशांनी संकोच न करता डॉक्टरांना भेटावे. अनेक जिल्हा रुग्णालयांत यासाठी समुपदेशनाची सोय असते. आणि तोंडात पांढरा वा लाल चट्टा, दोन आठवडे न भरणारी जखम किंवा तोंड पूर्ण न उघडणे, यांपैकी काही आढळल्यास हातातले लिखाण बाजूला ठेवून आधी तपासणी करून घ्यावी.