हिवाळ्यातील दाणापाणी आणि हरभऱ्यावरील घाटे अळी

ओसरीत भाताच्या लोंब्यांचे झुंबर चिमण्यांसाठी टांगण्याची प्रथा आंध्र प्रदेश व तेलंगणात आजही आढळते. या भूतदयेला शेतीच्या दृष्टीनेही अर्थ आहे. मध्य व दक्षिण भारतात डिसेंबर-जानेवारीत हरभरा फुलोऱ्यात व घाट्यांत येतो, त्याच सुमारास घाटे अळीचा उपद्रव वाढतो. एक अळी 30 ते 40 घाट्यांचे नुकसान करू शकते. मात्र घाट्यात डोके खुपसून दाणे खाताना तिचे उरलेले शरीर बाहेरच राहते आणि ती पक्ष्यांच्या सहज दृष्टीस पडते.

साळुंकी व सातभाई हे पक्षी दाणेही खातात आणि अळ्याही टिपतात. त्यांना शेताकडे वळविण्यासाठी घरगुती खाद्य उपयोगी पडते. मीठ, तेल व मसाला न घातलेला मऊ भात, ज्वारी किंवा बाजरीची भरड आणि थोडे शेंगदाण्याचे कूट एकत्र करून सुपारीएवढे गोळे करावेत. ते सकाळी बांधावर, तासाभरात संपतील इतकेच ठेवावेत. पोट भरेल इतके खाद्य दिल्यास पक्षी अळ्यांकडे वळत नाहीत. शेजारी उथळ भांड्यात पाणी ठेवून ते रोज बदलावे व भांडे घासावे; अस्वच्छ भांड्यातून पक्ष्यांमध्ये रोग पसरतात.

कोतवाल व वेडा राघू भाताला येत नाहीत. त्यांना बसण्यास जागा हवी असते. त्यासाठी पिकापेक्षा एक ते दीड फूट उंच, इंग्रजी ‘टी’ आकाराचे पक्षीथांबे हेक्टरी 20 ते 50 या प्रमाणात उभारावेत. घाटे पक्व होऊ लागताच ते काढून घ्यावेत, अन्यथा दाणे खाणाऱ्या पक्ष्यांचीही सोय होते.

दोन बाबी कटाक्षाने टाळाव्यात. बीजप्रक्रिया केलेले उरलेले बियाणे धुऊनही पक्ष्यांना घालू नये. त्यावरील कीटकनाशक पक्ष्यांच्या जिवावर बेतते. बुरशी लागलेले शेंगदाणेही वापरू नयेत, कारण त्यांत अफ्लाटॉक्सिन हे विष असू शकते. रासायनिक फवारणी झालेल्या शेतालगत खाद्य ठेवणे म्हणजे पक्ष्यांना विषारी अळ्यांकडे बोलावणेच होय.

पक्षी हा एकात्मिक कीड व्यवस्थापनाचा केवळ एक घटक आहे. अंडी आणि लहान अळ्या त्यांच्या नजरेतून सुटतात. म्हणून फुलोऱ्याच्या सुरुवातीस 5 टक्के निंबोळी अर्काची फवारणी करावी, त्यानंतर अळ्या लहान असतानाच एचएएनपीव्ही हे विषाणूजन्य कीटकनाशक सायंकाळी फवारावे. हा विषाणू पक्ष्यांना अपाय करीत नाही. दर आठवड्यास ओळीतील अळ्या मोजाव्यात. मीटरभर ओळीत 1 ते 2 अळ्या आढळल्याशिवाय रासायनिक कीटकनाशकाकडे वळू नये. तोपर्यंत बांधावरचा मूठभर दाणा आणि शेतातले थांबे यांवर होणारा खर्च नगण्यच असतो.