रूळ उखडल्यावर उरलेली जमीन

डोंगराळ मुलखात सायकलने फिरायचे म्हटले की दोन गोष्टी आडव्या येतात, चढ आणि वाहने. सराईत सायकलस्वार पहिलीला जुमानत नाही आणि दुसरीला सरावतो. पण पन्नाशीतले जोडपे, दहा वर्षांचे मूल किंवा सायकलला सामानाच्या पिशव्या लावून चार दिवस निवांत भटकू पाहणारा माणूस या दोहोंपुढे हात टेकतो. अशांसाठी सरकारी उत्तर बहुधा ठरलेले असते: आहे त्याच रस्त्याच्या कडेला रंगाचा पट्टा ओढायचा आणि फीत कापायची. पट्ट्याने ना चढ कमी होतो, ना ट्रक थांबतो. ज्या देशांत डोंगरपायथ्यांतून खरोखरच लांबच लांब वाहनमुक्त सायकलवाटा झाल्या, तिथे एक गोष्ट आधीपासून हाताशी होती. ती म्हणजे गावामागून गावे जोडत गेलेली, कुठेही न तुटलेली, एकाच मालकाच्या ताब्यातली, जेमतेम काही मीटर रुंदीची जमीन. बहुतेक ठिकाणी ती बंद पडलेल्या रेल्वेने मागे ठेवली होती. निसर्ग, हवामान, लोकांची हौस यांचा वाटा त्यानंतरचा.

स्पेनमध्ये १९९३ साली वापरात नसलेल्या लोहमार्गांची मोजदाद झाली, तेव्हा साडेसात हजार किलोमीटरहून जास्त लांबीचे मार्ग, शेकडो पूल आणि हजाराच्या घरात बोगदे असा ऐवज निघाला. त्यातून ‘व्हियास वेर्देस’ ही सायकल आणि पायी वाटांची योजना उभी राहिली आणि आज अशा वाटांची लांबी तीन हजार किलोमीटरच्या पुढे गेली आहे. हाएन आणि कोर्दोबा प्रांतांतली १२८ किलोमीटरची वाट ऑलिव्हच्या बागांमधून जाते. एके काळी इथून ऑलिव्ह तेलाची गाडी धावायची, आणि तिचे लोखंडी पूल आता सायकलींच्या वाट्याला आले आहेत. पण सगळ्यांत मजेशीर कहाणी आंदालुसियातल्या पुएर्तो सेरानो ते ओल्वेरा या ३६ किलोमीटरच्या वाटेची. १९२०च्या दशकात, प्रिमो दे रिव्हेराच्या हुकूमशाहीत, हा लोहमार्ग आखला गेला. डोंगर फोडून ३० बोगदे खणले, पूल बांधले, स्थानकेही उभी केली. मग पैसा आटला, यादवी युद्ध आले आणि या मार्गावरून एकही गाडी कधी धावली नाही. रेल्वे म्हणून हा खर्च सपशेल पाण्यात गेला. पुढे त्याच बोगद्यांत दिवे बसवले, काही स्थानकांत मुक्कामाची आणि जेवणाची सोय झाली. मधल्या साफ्रामागोनच्या कड्यावर ग्रिफन गिधाडांची मोठी वसाहत आहे, आणि जवळच्या जुन्या स्थानकात पक्षीनिरीक्षणाचे केंद्र आहे. केवळ सायकलींसाठी कोणत्याही सरकारने ३० बोगदे खणले नसते, हे उघड आहे. बोगदे आयते मिळाले म्हणून वाट झाली.

रेल्वेची ही देणगी नेमकी काय आहे, ते आकड्यांत पाहावे. स्वार, सायकल आणि सामान मिळून ९० किलो वजन धरले आणि वेग ताशी १५ किलोमीटर ठेवला, तर शंभर मीटरला दोन मीटर चढावर केवळ गुरुत्वाकर्षणावर मात करायला सुमारे ७५ वॅट लागतात. हाच चढ आठ मीटरचा झाला की आकडा ३०० वॅटपर्यंत जातो. वारा आणि चाकांचे घर्षण यांचे पन्नासेक वॅट वेगळेच. सर्वसाधारण प्रकृतीचा माणूस तासन्‌तास शे-सव्वाशे वॅट देऊ शकतो. तीनशे म्हणजे दोन-चार मिनिटांत धाप. आता रेल्वेकडे पाहा. लोखंडी रुळावर लोखंडी चाक घसरते, म्हणून अभियंत्यांना चढ सौम्यच ठेवावा लागतो. १८६३ साली खुल्या झालेल्या बोरघाटातल्या लोहमार्गाचा ३७ला १ हा चढ इतका खडा मानला जातो की गाडीला मागून रेटायला जादा इंजिने जोडावी लागतात. सायकलच्या हिशेबात तो तीन टक्क्यांच्याही आत बसतो. आगगाडीला जो चढ जड जातो तो सायकलला मानवतो, आणि ज्या डोंगरात घाटरस्ता नागमोडी वळणे घेत चढतो तिथे लोहमार्ग खोदाई, भराव आणि बोगदा यांनी वाट काढतो. अमेरिकेत पिट्सबर्ग ते कंबरलँड ही २४० किलोमीटरची वाट ॲपलेशियन पर्वत ओलांडते, तरी तिचा सर्वांत कडक चढसुद्धा दोन टक्क्यांना टेकत नाही.

मात्र सौम्य चढ पुरेसा नसतो. पट्टी सलग राहावी लागते, आणि इथेच देशादेशांचे नशीब वेगळे झाले. ब्रिटनमध्ये १९६३च्या बीचिंग अहवालाने सुमारे ८,००० किलोमीटर मार्ग आणि दोन हजारांहून जास्त स्थानके बंद करण्याची शिफारस केली. रूळ निघाले आणि जमिनीचे तुकडे ज्याला हवे त्याला विकले गेले. कुठे शेतकऱ्याने शेतात मिळवले, कुठे घरे उठली, कुठे पूल पाडला. शंभर किलोमीटरच्या मार्गातला पाचशे मीटरचा एक तुकडा गेला तरी मुलाबाळांसह निघालेल्या कुटुंबाला तिथे हमरस्त्यावरच यावे लागते. ब्रिस्टल ते बाथ हा २१ किलोमीटरचा मार्ग १९७९ ते १९८६ या काळात स्वयंसेवकांनी फावडी हातात घेऊन केला आणि तो चांगलाच लोकप्रिय झाला. पण अशी जिद्द दर ठिकाणी कुठून आणणार? अमेरिकेने १९८३ साली कायद्यातच तरतूद केली: बंद पडणाऱ्या मार्गाची पट्टी मोडायची नाही, उद्या रेल्वे परत येईल या अटीवर तोवर ती वाट म्हणून वापरायची. शेजारचे जमीनमालक न्यायालयात गेले. १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला, भरपाई मागण्याचा मार्ग मात्र त्यांना मोकळा ठेवला. हा तोल मला न्याय्य वाटतो. जमीन ज्याची, त्याचे नुकसान मोजावे; पण शतकभर जोडलेली पट्टी एका सहीने तोडू नये.

यावर पहिला आक्षेप खुद्द सायकलवाल्यांचाच असतो: अशा वाटा सपक आहेत, घाट चढण्यातली मजा त्यांत नाही. खरे आहे, आणि ज्यांना घाट हवा त्यांच्यासाठी घाट आहेतच. दुसरा आक्षेप अधिक बोचरा. वाहनमुक्त वाटेच्या टोकाशी लोक मोटारीच्या टपावर सायकल बांधून येतात. मग वाहने कमी झाली कुठे? स्पेनमधल्या कित्येक वाटांना हा दोष लागू आहे, कारण रेल्वे गेली तिथे सार्वजनिक वाहतूकही रोडावली. वाटेच्या टोकाशी सायकल चढवता येईल अशी बस किंवा गाडी हवीच. ती नसेल तर वाट शहरी सुखवस्तूंचे खेळणे ठरते.

महाराष्ट्रात तिसरा आक्षेप निघेल आणि तो सर्वांत वजनदार आहे. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारी शकुंतला ही रेल्वेगाडी बंद पडली, म्हणून तिथे सायकली फिरवायच्या का? वऱ्हाडातली माणसे ब्रॉडगेज मागत आहेत आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे. पाचोरा-जामनेर या अरुंद मार्गाचेही रुंदीकरणच व्हायला हवे. जिथे माणसांना गाडी लागते तिथे सायकलवाटेचे नावही काढू नये. पट्टी सार्वजनिक मालकीत सलग राहिली, तर सायकलवाट ही रेल्वेची शत्रू ठरत नाही, उलट राखणदार ठरते. मात्र प्रामाणिकपणे बोलायचे तर आपल्याकडे सोडून दिलेले मोठे लोहमार्ग फारसे नाहीत. सायकलवाटांसाठी स्पेनची नक्कल करत रेल्वेकडे डोळे लावून बसण्यात अर्थ नाही.

आपल्याकडची सलग पट्टी कालव्यांच्या काठाला आहे. खडकवासल्याचा मुठा उजवा कालवा असो की नीरेचे कालवे, सह्याद्रीच्या पायथ्याच्या धरणांतून निघून ते समपातळीचा माग काढत पूर्वेकडे जातात. पाणी वाहावे म्हणून उतार अगदी नाममात्र ठेवलेला, म्हणजे रेल्वेहूनही सौम्य. काठाने पाटबंधारे खात्याच्या जीपसाठी मुरमाचा रस्ता असतो आणि मालकी एकाच खात्याची. पुण्यात मुठा कालव्याच्या काठाने लोक सकाळी चालायला जातातच. या रस्त्यावर बैलगाडी, ट्रॅक्टर येणार, आणि यायलाच हवेत. शेतकऱ्याची वहिवाट स्पेनमधल्या कित्येक वाटांवरही राखलेली आहे. दिवसाला चार ट्रॅक्टर म्हणजे रहदारी नव्हे. अभियंत्यांची भीती मात्र हसण्यावारी नेता येत नाही. २०१८ साली पुण्यात याच मुठा कालव्याची भिंत फुटून दांडेकर पुलाच्या परिसरातल्या वस्त्यांत पाणी शिरले होते. सायकलच्या वजनाने भराव खचत नाही, पण वाट झाली की मागोमाग टपऱ्या, मग मोटारसायकली आणि त्यानंतर पक्के बांधकाम, हा क्रम आपल्या ओळखीचा आहे.

पट्टी रिकामी असते, हे गृहीतही तपासून घ्यायला हवे. मुंबईत तानसा जलवाहिनीच्या कडेला मुलुंड ते शीव अशी ३९ किलोमीटरची सायकलवाट महापालिकेने आखली. जलवाहिनीच्या सुरक्षेसाठी न्यायालयाच्या आदेशाने तिथली अतिक्रमणे हटवली गेली होती, आणि त्या वस्त्यांतली हजारो माणसे माहुलला, कारखान्यांच्या प्रदूषणात, नेऊन टाकली गेली. तिथल्या हवेवरून मग न्यायालयातच भांडण चालले. दोष सायकलवाटेचा नाही, पण अशा जमिनीवर मजेने पॅडल मारण्याआधी तिथून कोण उठले हे विचारावेच लागते. ग्रामीण कालव्यांचा फायदा एवढाच की तिथे बहुतांश काठ अजून मोकळा आहे. खात्याने आज हद्दीचे दगड रोवले, काठावर आडवे टाकलेले उपशाचे पाइप पुरून घेतले आणि दोन गावांमध्ये दुचाकी अडेल पण सायकल आणि बैलगाडी जाईल असे फाटक बसवले, तर पुढच्या हंगामात तिथून सायकल निघू शकेल. त्याला बोगदा खणावा लागत नाही आणि कोणाचे घरही पाडावे लागत नाही.